दोन व्हीआरएफमध्ये स्टॅटिक राउट: जायचा रस्ता टाकलात, यायचा कोण टाकणार?

राउट टाकलाय, टेबलमध्ये दिसतोय, तरी पिंग जात नाही. व्हीआरएफवाल्या स्विचवर काम करणाऱ्याकडून मला येणारे बहुतेक फोन हेच असतात, आणि बहुतेक वेळा उत्तरही तेच असतं, की बाबा पॅकेट गेलंय रे, परत यायला त्याला वाट नाहीये. त्यामुळे हे सगळं एकदाच नीट लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा. कमांड उच्चाराप्रमाणे मराठीतच लिहितोय, स्विचवर अर्थातच इंग्रजी अक्षरात टाकायच्या.

व्हीआरएफ म्हणजे काय हे ज्यांना माहितीये त्यांनी हा पॅरा सोडा. बाकीच्यांसाठी, व्हर्च्युअल राउटिंग अँड फॉरवर्डिंग, एकाच स्विचच्या पोटात दोन-चार वेगवेगळी राउटिंग टेबलं, म्हणजे कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं त्याच्या याद्या. स्टॅटिक राउट म्हणजे त्या यादीत हाताने लिहिलेली ओळ. जुन्या वाड्यात कसं, वाडा एकच पण भाऊ वेगळे झालेले, याची चूल वेगळी त्याची वेगळी, मधे भिंत, तसं. या टेबलातल्या पॅकेटला त्या टेबलातलं काही दिसत नाही, अगदी दोन्हीकडे सेम आयपी रेंज वापरली तरी भांडण नाही. मुळात ही गोष्ट एमपीएलएस व्हीपीएनच्या (सर्व्हिस प्रोव्हायडर एकाच नेटवर्कवर ग्राहकांचं ट्रॅफिक वेगळं ठेवतात ती पद्धत) दुनियेतली, स्विचवर एमपीएलएस न लावता नुसतीच वापरली की तिला व्हीआरएफ-लाइट म्हणतात. आणि मग कधीतरी कोणीतरी येऊन म्हणतं की या भिंतीत जरा एक खिडकी पाडून दे. आपलं काम ती खिडकी.

उदाहरण घेऊ, माझ्या कामातलंच आहे, थोडं सोपं केलंय. एक कारखाना, मधे एक कोअर स्विच, सिस्को कॅटलिस्ट, आयओएस-एक्सई वाला. त्यावर दोन व्हीआरएफ, ऑफिस आणि प्लांट. ऑफिसच्या बाजूला व्हीलॅन १० (व्हीलॅन म्हणजे स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा), स्विचचा पत्ता १०.१०.०.१/३०, समोर ऑफिसचा राउटर १०.१०.०.२, आणि त्याच्या मागे सगळे लॅपटॉप १९२.१६८.१०.०/२४ मध्ये. प्लांटच्या बाजूला व्हीलॅन ९९, स्विच १०.९९.०.१/३०, समोर प्लांटचा राउटर १०.९९.०.२, त्याच्या मागे १७२.१६.५०.०/२४. या प्लांटच्या रेंजमध्ये १७२.१६.५०.१० वर एक सर्व्हर आहे, मशीनचे आकडे तिथे जमा होतात, आणि ऑफिसातल्या लोकांना त्याचा डॅशबोर्ड बघायचाय. बास, एवढीच मागणी. कागदावर या चार पत्त्यांचं चित्र काढून समोर ठेवा, खरंच काढा, पुढे उपयोग होतो.

आता पाया. कॉन्फिग मोडमध्ये जाऊन आधी आयपी राउटिंग चालू आहे का बघा, लेयर ३ स्विच असला तरी पुष्कळ मॉडेलवर ते आधीपासून चालू नसतं. मग:

व्हीआरएफ डेफिनिशन ऑफिस
अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४

अ‍ॅड्रेस-फॅमिलीची ओळ विसरलात तर व्हीआरएफ बनतो पण इंटरफेसवर आयपी टाकताना अडतो. तसंच प्लांटचं. नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जातो, तेव्हा सगळं कॅपिटलमध्ये ठेवायचं असं एकदा ठरवून टाका. आरडी, म्हणजे राउट डिस्टिंग्विशर, नुसत्या स्टॅटिकसाठी या नव्या सिंटॅक्समध्ये लागत नाही, जुन्या आयपी व्हीआरएफ वाल्या पद्धतीत लागायचा, म्हणून जुन्या कॉन्फिगमध्ये दिसला तर घाबरू नका.

मग इंटरफेस व्हीलॅन १० मध्ये जाऊन व्हीआरएफ फॉरवर्डिंग ऑफिस. आणि इथे थांबा. ही ओळ एंटर केल्याक्षणी त्या इंटरफेसवरचा आयपी उडतो. स्विच एक ओळीचा मेसेज देतो की पत्ता काढून टाकलाय, पण तो मेसेज वाचायला तुमचं सेशन जिवंत पाहिजे ना. मी हे एका कारखान्यात रात्री पावणेबाराला केलंय, ज्या व्हीलॅनमधून एसएसएचने आत होतो त्याच व्हीलॅनला व्हीआरएफ लावला, कर्सर तिथेच गोठला, आणि मग कन्सोल केबल बॅगेत टाकून पुण्यातून चाकणपर्यंत गाडी काढली, गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांनी रजिस्टरमध्ये कारण काय लिहू विचारलं तर मी म्हटलं लिहा 'नेटवर्क'. त्यांनी माझ्याकडे बघून 'चूक दुरुस्ती' असं लिहिलं. काम पाच मिनिटांचं होतं, आयपी अ‍ॅड्रेस १०.१०.०.१ २५५.२५५.२५५.२५२ परत टाकायचा.

तेव्हापासून लांबून काम करताना पहिली कमांड एकच, रिलोड इन २०. वीस मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होणार आणि सेव्ह केलेलं जुनं कॉन्फिग परत येणार. तो मधे विचारतो की बदल सेव्ह करू का, तिथे नो म्हणायचं, येस म्हणालात तर सगळा खेळच संपला. अर्थात कोअर स्विच रीस्टार्ट होणं म्हणजे अख्खा कारखाना काही मिनिटं बंद, त्यामुळे हे ठरवलेल्या डाउनटाइममध्येच. ज्युनिपर असेल तर कमिट कन्फर्म्ड १०, तिथे रीस्टार्टची भानगड नाही, दहा मिनिटांत परत कमिट केलं नाही तर बदल स्वतःच मागे जातात. अरिस्टावर कॉन्फिगर सेशन उघडून कमिट टायमर. सिस्कोपेक्षा हे दोघं या बाबतीत शहाणे, माझं स्पष्ट मत.

आता मुख्य राउट. आधी दोन्ही व्हीआरएफना आपापल्या घरचे रस्ते:

आयपी राउट व्हीआरएफ ऑफिस १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.० १०.१०.०.२
आयपी राउट व्हीआरएफ प्लांट १७२.१६.५०.० २५५.२५५.२५५.० १०.९९.०.२

हे नेहमीचं. आता खिडकी:

आयपी राउट व्हीआरएफ ऑफिस १७२.१६.५०.१० २५५.२५५.२५५.२५५ व्हीलॅन९९ १०.९९.०.२

बघा, व्हीआरएफ ऑफिस लिहिलंय, पण बाहेर पडायचा इंटरफेस व्हीलॅन ९९, जो प्लांटमध्ये राहतो. सगळी जादू त्या इंटरफेसच्या नावात आहे. नाव न लिहिता नुसतं १०.९९.०.२ टाकलंत तर स्विच तो नेक्स्ट हॉप, म्हणजे पॅकेट ज्याच्या हातात द्यायचं तो पुढचा राउटर, ऑफिसच्याच टेबलात शोधायला जातो, तिथे तो नसतोच, आणि राउट कॉन्फिगमध्ये दिसतो पण टेबलात चढत नाही. म्हणून असा प्रत्येक राउट टाकताना स्वतःला एक प्रश्न विचारायचा, हा नेक्स्ट हॉप नक्की कुठल्या टेबलात शोधला जाणार? नेक्स्ट हॉप ग्लोबल टेबलात असेल, म्हणजे कुठल्याच व्हीआरएफमध्ये नसेल, तर ओळीच्या शेवटी ग्लोबल हा शब्द लावायचा. आणि सगळं बरोबर लिहूनही राउट चढत नसेल तर कॉन्फिगमध्ये नो आयपी राउट स्टॅटिक इंटर-व्हीआरएफ अशी ओळ कोणी टाकलीये का ते शोधा, ती असेल तर असले आडवे राउट स्विच घेतच नाही.

मी मुद्दाम /३२, म्हणजे फक्त एक पत्ता, टाकलाय. अख्खा /२४ टाकणं सोपं, पण मागणी एका सर्व्हरची आहे ना, मग खिडकी तेवढीच. हे लक्षात ठेवा की दोन व्हीआरएफमधे जर आत्तापर्यंत फायरवॉल होता तर या एका ओळीने तुम्ही त्याला बाजूने वळसा घातलाय, त्याला पत्ताच लागणार नाही.

आणि आता परतीचा:

आयपी राउट व्हीआरएफ प्लांट १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.० व्हीलॅन१० १०.१०.०.२

झालं? नाही झालं. स्विचवर झालं. ते कागदावरचं चित्र काढा आता. ऑफिसच्या राउटरला, १०.१०.०.२ ला, माहितीये का की १७२.१६.५०.१० साठी १०.१०.०.१ कडे पाठवायचं? त्याचा डिफॉल्ट इंटरनेटच्या बाजूला असेल तर तो पॅकेट तिकडे फेकून मोकळा होईल. आणि प्लांटच्या राउटरला, १०.९९.०.२ ला, १९२.१६८.१०.०/२४ साठी १०.९९.०.१ कडे असा राउट हवा. म्हणजे एका खिडकीसाठी चार ठिकाणी चार ओळी, दोन स्विचवर, दोन शेजाऱ्यांवर, आणि शेजारचा राउटर बहुतेक वेळा दुसऱ्याच टीमचा किंवा दुसऱ्याच व्हेंडरचा असतो, तो म्हणतो आमच्याकडे तर सगळं बरोबर आहे. सर्व्हरवर दोन नेटवर्क कार्ड असतील तर पाचवी जागा तीच, त्याचा डिफॉल्ट गेटवे दुसऱ्याच कार्डावर असतो आणि उत्तर भलतीकडून बाहेर पडतं. हा प्रकार ओळखायचा कसा, तर सर्व्हरवर पॅकेट कॅप्चर लावायचं, विनंती येताना दिसते, उत्तर त्याच कार्डावरून जाताना दिसत नाही. वाद मिटला.

तपासताना एक मोठी फसगत होते. माणूस राउट टाकतो आणि लगेच स्विचवरूनच मारतो, पिंग व्हीआरएफ ऑफिस १७२.१६.५०.१० सोर्स व्हीलॅन १०. जात नाही. मग घाबरून सगळं उलटंपालटं करत बसतो. अरे, पिंगचा सोर्स झाला १०.१०.०.१, प्लांटच्या राउटरला १९२.१६८.१०.० चा रस्ता सांगितलाय, १०.१०.०.० चा कुणी सांगितलाय? आणि सांगितला तरी उत्तर येणार ते प्लांटच्या टेबलात, जिथे १०.१०.०.१ हा स्विचचा स्वतःचा पत्ता म्हणून ओळखीचाच नाही. स्विचवरून केलेलं पिंग फेल म्हणजे राउट फेल असं अजिबात नाही. खरी टेस्ट ऑफिसच्या लॅपटॉपवरून, आणि तीही नुसतं पिंग नाही, ब्राउझरमध्ये डॅशबोर्ड उघडून. स्विचवर बघायचं ते हे: शो आयपी राउट व्हीआरएफ ऑफिस मध्ये ओळ चढलीये का, शो आयपी सीईएफ व्हीआरएफ ऑफिस १७२.१६.५०.१० मध्ये (सीईएफ म्हणजे पॅकेट पुढे ढकलताना स्विच प्रत्यक्ष वापरतो तो तक्ता) बाहेर पडायचा इंटरफेस व्हीलॅन ९९ दिसतोय का, आणि शो आयपी एआरपी व्हीआरएफ प्लांट मध्ये १०.९९.०.२ चा मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्ता, आलाय का (आयपीवरून मॅक शोधतो तो एआरपी). तिन्ही बरोबर असतील तर स्विचला दोष देऊ नका, शेजाऱ्याकडे जा.

आता खरी अडचण सांगतो, जी बऱ्याच जणांना उशिरा कळते. वरच्या उदाहरणात दोन्हीकडे समोर राउटर होता, म्हणजे नेक्स्ट हॉप होता. पण समजा सर्व्हर थेट स्विचच्याच व्हीलॅनमध्ये बसलाय, स्विचच त्याचा गेटवे आहे. मग नेक्स्ट हॉप कोण? कोणीच नाही. थेट जोडलेल्या रेंजसाठी दोन व्हीआरएफमध्ये स्टॅटिक टाकणं हे प्रत्येक प्लॅटफॉर्मवर, कधीकधी प्रत्येक व्हर्जनवर वेगळं वागतं, आणि लॅबमध्ये चाललं म्हणून प्रॉडक्शनला चालेल याच्या भरवशावर मी तरी राहत नाही. तिथे नीट रस्ता म्हणजे राउट लीकिंग, एका टेबलातले राउट दुसऱ्यात उतरवणं, सिस्कोवर बीजीपी (राउटर एकमेकांना राउट कळवतात तो प्रोटोकॉल) आणि राउट-टार्गेट इम्पोर्ट-एक्सपोर्ट, शेजारी एकही बीजीपी पीअर नसला तरी स्विचच्या आतल्या आत चालतं. पण तो वेगळा विषय, त्यात आज शिरत नाही.

दुसरा रस्ता गावठी आहे पण मला आवडतो, केबल. हो, खरी पॅच कॉर्ड. स्विचचा २३ नंबरचा पोर्ट ऑफिसमध्ये, २४ नंबरचा प्लांटमध्ये, आणि दोघांना एक वीतभर केबल, स्वतःच्याच शेपटाला चावणाऱ्या सापासारखी. दोन्ही पोर्टवर नो स्विचपोर्ट, मग व्हीआरएफ फॉरवर्डिंग, मग एक /३० किंवा /३१ टाकायचा. आता दोन्हीकडे खराखुरा नेक्स्ट हॉप मिळाला आणि स्टॅटिक राउट अगदी साधे, इंटरफेसचं नाव वगैरे काही नको, कारण प्रत्येक नेक्स्ट हॉप आपापल्याच टेबलात आहे. नो स्विचपोर्ट विसरू नका, लेयर २ पोर्ट ठेवून हे केलंत तर एकतर दोन व्हीलॅन एकमेकांत मिसळतील नाहीतर लूप रोखणारा स्पॅनिंग ट्री पोर्ट बंद करून बसेल.

केबलमधे एक खोच आहे. पुष्कळ स्विचवर सगळ्या राउटेड पोर्टना एकच मॅक अ‍ॅड्रेस असतो. मग २३ मधून निघालेला एआरपी २४ वर पोचतो तेव्हा स्विचला वाटतं हा तर माझाच मॅक, आणि तो टाकून देतो. लिंक अप, आयपी बरोबर, एआरपी रिकामा, असं दिसलं की हेच. एका पोर्टवर मॅक-अ‍ॅड्रेस कमांडने वेगळा मॅक लिहून द्या, सुटतो. केबलचा तोटा म्हणजे दोन पोर्ट गेले आणि वेग त्या पोर्टइतकाच. फायदा असा की पोर्टचे काउंटर बघता येतात, एसीएल (कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं याची यादी) लावता येतो, आणि काही बिघडलं तर रात्रपाळीच्या माणसाला फोनवर सांगता येतं, पिवळी केबल उपट. ट्रेसराउटमध्ये एक हॉप जास्त दिसेल, कारण पॅकेट एकाच स्विचमध्ये दोनदा राउट होतं. मात्र त्या केबलवर लेबल लावा हो. रॅक आवरणाऱ्या भल्या माणसाला एकाच स्विचच्या दोन पोर्टमधली केबल दिसली की लूप समजून तो ती काढणारच.

बाकीच्या कंपन्यांच्या स्विचवर कल्पना तीच, शब्द वेगळे. नेक्ससवर, म्हणजे एनएक्स-ओएसवर, व्हीआरएफ कॉन्टेक्स्ट ऑफिस च्या आत शिरून आयपी राउट १७२.१६.५०.१०/३२ १०.९९.०.२ व्हीआरएफ प्लांट, म्हणजे नेक्स्ट हॉप कुठल्या व्हीआरएफमध्ये शोधायचा ते शेवटी नावानिशी सांगायचं. इंटरफेसवर तिथे व्हीआरएफ मेंबर असतं, आणि हो, तेही आयपी उडवतं. अरिस्टावर आयपी राउट व्हीआरएफ ऑफिस १७२.१६.५०.१०/३२ इग्रेस-व्हीआरएफ प्लांट १०.९९.०.२, वाचायला सगळ्यात स्वच्छ हीच ओळ. फक्त अरिस्टावर प्रत्येक व्हीआरएफसाठी आयपी राउटिंग व्हीआरएफ ऑफिस असं वेगळं चालू करावं लागतं, ते राहिलं तर सगळं दिसतं आणि काहीच चालत नाही.

ज्युनिपर मात्र वेगळा प्राणी. तिथे राउटिंग-इन्स्टन्स, प्रकार व्हर्च्युअल-राउटर, आणि स्टॅटिक राउटमध्ये नेक्स्ट हॉपऐवजी नेक्स्ट-टेबल प्लांट.आयनेट.० (प्लांटचं आयपीव्ही४ टेबल) असं लिहायचं, म्हणजे पॅकेटला सांगायचं की जा, त्या टेबलात जाऊन परत एकदा शोध. सुंदर. पण परतीसाठी प्लांटमधून नेक्स्ट-टेबल ऑफिस.आयनेट.० टाकलंत की कमिट अडतं, लूप होऊ शकतो म्हणून तक्रार करतं. सगळे इथेच डोकं आपटतात. एक दिशा नेक्स्ट-टेबलने करा, दुसरी रिब-ग्रुपने, म्हणजे तेच राउट दुसऱ्या टेबलातही उतरवून. रिब-ग्रुपमध्ये इम्पोर्ट-रिबच्या यादीत पहिलं नाव ज्या इन्स्टन्सचे राउट आहेत त्याचंच टेबल, आणि त्यानंतर ज्याला द्यायचे त्याचं. आणि फक्त स्टॅटिक राउट देऊन भागत नाही, इंटरफेस-राउट्सलापण तोच ग्रुप लावा, नाहीतर राउट पोचतो आणि त्याचा नेक्स्ट हॉप तिकडे सापडत नाही.

डिफॉल्ट राउटबद्दल हात जोडून विनंती. कॉमन इंटरनेटसाठी एक तिसरा व्हीआरएफ करून ऑफिस आणि प्लांट दोघांचेही डिफॉल्ट तिकडे वळवायचे, आणि त्याच्याकडून दोघांना परतीचे राउट द्यायचे, ही मांडणी खूप ठिकाणी आहे. दिसायला वाटतं ऑफिस आणि प्लांट अजून वेगळेच आहेत. ज्युनिपरच्या नेक्स्ट-टेबलने केलं असेल तर ऑफिसचं पॅकेट कॉमन टेबलात पोचतं, तिथे प्लांटचा राउट बसलेलाच आहे, गेलं आत. सिस्कोवर पॅकेट थेट इंटरनेटच्या राउटरकडे जातं खरं, पण त्या राउटरकडेही प्लांटचा परतीचा राउट आहेच, तो त्याला वळवून तुमच्याच स्विचवर परत पाठवतो आणि ते प्लांटमध्ये शिरतं. भिंत कागदावर राहिली. हे मुद्दाम तपासा, ऑफिसच्या लॅपटॉपवरून प्लांटच्या एखाद्या मशीनला पिंग करून बघा, ते फेल झालं पाहिजे. चालणाऱ्या गोष्टी सगळे तपासतात, न चालायला हव्या त्या कोणी तपासत नाही. व्हीलॅन १० वर आत येणाऱ्या दिशेला एक एसीएल लावला तर बरंच, लॅपटॉपच्या रेंजला त्या एका सर्व्हरचा ४४३ पोर्ट चालू, प्लांटच्या बाकी सगळ्या पत्त्यांना नकार, आणि शेवटी बाकीचं परमिट, नाहीतर शेवटी न दिसणारा डिनाय बसलेला असतोच आणि ऑफिसचं इंटरनेट जातं.

अजून एक, इंटरफेसचं नाव लिहिलेला स्टॅटिक राउट आंधळा असतो. व्हीलॅन ९९ अप आहे तोवर राउट टेबलात, समोरचा राउटर मेला तरी. आणि व्हीलॅन इंटरफेस तर त्या व्हीलॅनचा एखादा कुठलाही पोर्ट चालू असला तरी अप राहतो. दुसरा रस्ता उपलब्ध असेल तर आयपी एसएलएने (स्विच स्वतःच ठराविक वेळाने तपासत राहतो ती सोय) प्लांटच्या व्हीआरएफमधून १०.९९.०.२ ला पिंग लावा आणि त्या पिंगवर लक्ष ठेवणारा ट्रॅक १ राउटच्या शेवटी जोडा. दुसरा रस्ताच नसेल तर हा खटाटोप कशाला. त्यापेक्षा राउटच्या शेवटी नेम लिहून कोणाच्या मागणीवरून खिडकी पाडली ते नोंदवा, दोन वर्षांनी कोणीतरी विचारणारच हे काय आहे, आणि बहुतेक ते तुम्हीच असाल.

लॅपटॉपवर डॅशबोर्ड उघडला, मशीनचं पिंग फेल झालं, चहा मागवला. तो मघाचा वीस मिनिटांचा टायमर अजून चालू आहे. रिलोड कॅन्सल मारा, मग राइट मेमरी, मग चहा.